पक्के बिल



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय ऐकावे, इतिहास ऐकावा, फार तर आरोग्यावर डॉक्टरांचे चार शब्द ऐकावेत, अशी आपली सवय. यंदा चालकांनी युनियनच्या माणसाला उभे केले, आणि त्याने विषय निवडला बिलाचा! बिल म्हणजे काय व्याख्यानाचा विषय आहे, असे कोणी मनात म्हणत असेल तर त्याला आम्ही दोष देणार नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जमाखर्च आम्ही शिकलो तो बोनसच्या भांडणात. मालक सांगे तोटा आहे, ताळेबंदही सांगे तोटा आहे, आणि फाटकातून मालाच्या गाड्या तर रोज भरून जात. तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही तो ताळेबंद ओळीओळीने वाचला. तेव्हापासून हिशेबाच्या कागदाचे भय गेले. पण आता तो कागदच उठून संगणकाच्या पडद्यावर जाऊन बसला आहे, आणि आम्हाला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसावे लागले आहे.

आपल्या तालुक्याला हिशेब नवा नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला, तो लोकांनी एकेक पैसा दिला म्हणून. पैसा पैसा गोळा करायचा तर पैशापैशाचा हिशेब ठेवणे आलेच. त्या काळी कीर्द शिवलेल्या वहीत लिहीत. वही शिवलेली का? तर मधले पान कोणाला फाडता येऊ नये म्हणून. चूक झाली तर आकड्यावर एक रेघ मारायची, आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खाडाखोड केलेल्या वहीला कोर्टात किंमत नसे. ही शिवलेली वही जरा ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता जी.एस.टी.कडे येऊ. हा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्याची मेख एकाच गोष्टीत आहे. समजा, एका वर्कशॉपने एक लाखाचा पत्रा घेतला. त्यावर अठरा टक्के, म्हणजे अठरा हजार कर पत्रेवाल्याला दिला. त्या पत्र्याचे भाग पाडून ते दीड लाखाला विकले. त्यावर सत्तावीस हजार कर मोठ्या कारखान्याकडून घेतला. सरकारला भरायचे किती? सत्तावीसातून अठरा वजा, नऊ हजार. हे अठरा हजार वजा मिळणे, हाच सगळ्या व्यापाराचा जीव. पण ते केव्हा मिळतात? पत्रेवाल्याने आपले बिल सरकारदरबारी दाखविले तर. १ जानेवारी २०२२ पासून कायदा स्पष्टच म्हणतो की, विकणाऱ्याने दाखविलेले बिल घेणाऱ्याच्या खात्यात दिसले नाही, तर वजावट नाही. म्हणजे एकाचा आळस दुसऱ्याच्या खिशाला चाट.

या वजावटीच्या लोभाने खोट्या बिलांचा धंदा निघाला. माल नाही, गाडी नाही, नुसती बिले! त्याला आळा म्हणून ई-इनव्हॉइस आले. प्रथम १ ऑक्टोबर २०२० रोजी पाचशे कोटींवरच्या उलाढालीला, मग पायरीपायरीने खाली उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला. आणि २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षी ही रेषा ओलांडली की ओलांडली. पुढे धंदा बसला तरी सुटका नाही. बिल टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बनवायचे, ते सरकारी पोर्टलकडे जाते, तिथून चौसष्ट अक्षरांचा नंबर आणि क्यू.आर. कोडचा चौकोन घेऊन परत येते. ज्याला हा नियम लागू आहे त्याचे नंबराविना बिल हे कायद्याने बिलच नव्हे. पर्यटकाला दुकानात अर्धा किलो चिक्की विकली, त्याला हे लागू नाही; व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला विकले, त्याला आहे.

हे खूळ आपल्याच सरकारचे, असे समजू नये. इटलीत २०१९ पासून असेच सक्तीचे झाले. ग्रीस देशात तर ‘मायडेटा’ नावाची सरकारी वही आहे. बिलाचा गोषवारा तिच्यात पाठवायचा आणि तिकडून ‘मार्क’ नावाचा नंबर घ्यायचा. तेव्हा अथेन्सचा कारकून आणि तळेगावचा कारकून महिनाअखेरीस एकाच दुखण्याने जागत असतात. आणि या दुखण्याचा पगाराशी काय संबंध, तेच सांगण्यासाठी आम्ही इथे उभे आहोत.

तळेगावच्या बाजूला एक प्रेस शॉप आहे. नाव सांगत नाही. चाळीस-बेचाळीस कामगार, आणि हिशेबाला एकच बाई. त्यांना सगळे ताई म्हणतात. बिले त्याच करतात, गाडीचे ई-वे बिल त्याच काढतात, गेटवर चलनावर सहीही त्यांचीच. शॉपचे मोठे गिऱ्हाईक चाकणला. त्याच कंपनीचा दुसरा कारखाना गुजरातेत. सॉफ्टवेअरच्या यादीत दोन्ही खाती एकाखाली एक, नाव एकच. फरक काय तो जी.एस.टी. नंबरात. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. शनिवारी सायंकाळी, गाडी बाहेर हॉर्न वाजवीत उभी असताना, ताईंचे बोट एक ओळ खाली पडले.

पुढे काय झाले ते नीट पाहा. सॉफ्टवेअरने हरकत घेतली नाही. पोर्टलने हरकत घेतली नाही. का घेईल? २४ चा नंबरही खराच होता! मग राज्याचा व केंद्राचा असा दोन भागांत पडायचा कर आंतरराज्य म्हणून एकरकमी पडला. बेरीज तीच, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. चौसष्ट अक्षरे आली, चौकोन आला, बिल पक्के झाले. यंत्राने पाहिले ते बिलाचे रूप. माल चाकणला उतरणार की गुजरातेत, हे यंत्राला कोण सांगणार?

असे बिल रद्द करता येते, पण चोवीस तासांच्या आत, आणि तेही त्यावर काढलेले ई-वे बिल आधी रद्द केले तर. मध्ये रविवार गेला. चूक उमगली ती पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला, चाकणच्या खात्यात बिल दिसेना तेव्हा. विक्रीचे विवरण अकरा तारखेला जाते, घेणाऱ्याची यादी चौदाला निघते. एकदा ती निघाली की थांबा महिनाभर. क्रेडिट नोट काढली, नवे बिल केले. पण कंपनीने पैसे अडविले ते अडविलेच. इकडे शेठने पगार अडविला. सात तारखेला होणारा पगार बावीस तारखेला झाला, आणि शेठने जाहीर केले की झालेले नुकसान ताईंच्या पगारातून दरमहा कापणार.

आता आमच्या बाजूची गोष्ट सांगतो; ती काही गौरवाची नाही. आमचेच प्रेस ऑपरेटर म्हणाले, “कापू दे! तिच्यामुळे आमच्या पोरांची फी राहिली.” आणि आम्ही? आम्ही पहिल्या बैठकीत गप्प बसलो. ऑफिसातली माणसे मालकाची, आणि मशीनवरची माणसे आमची, अशी जुनी वाटणी आमच्याही डोक्यात होती. ताई युनियनच्या सभासद नव्हत्या. त्यांना कधी कोणी पावती फाड म्हणून विचारलेच नव्हते. त्या रात्री घरी आल्यावर आम्हाला आमचीच लाज वाटली. प्रेसमध्ये बोट गेले तर आम्ही विचारतो, गार्ड का नव्हता? इथे बोट एक ओळ खाली गेले, तर गार्ड कुठे होता?

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न शेठसमोर ठेवला. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी माणसाचे म्हणणे ऐकावे लागते, हा कायदा आहे. ऐकायला बसलो तेव्हा निघाले की, गुजरातचे ते दुसरे खाते कोणी व केव्हा उघडले, हेच कोणाला ठाऊक नाही. ताई म्हणतात मी नाही. शेठ म्हणतात मी नाही. शेठचा पुतण्याही अधूनमधून बसतो. आता ती शिवलेली वही आठवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक धंद्याला असे सॉफ्टवेअर ठेवावे लागते, ज्यात कोणती नोंद केव्हा बदलली याची खूण राहते आणि ती पुसता येत नाही. वहीचा दोराच तो! हे शॉप घरच्या मालकीचे, त्याला तो नियम नाही. तरी सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच. चालू करून ठेवली असती तरी काय कामाची, म्हणा? तिघेही एकाच नावाने, एकाच पासवर्डाने शिरत होते.

कपात मागे घेतली गेली. पंधरा दिवस पगार उशिरा मिळाल्याची भरपाई मात्र आम्हाला मिळविता आली नाही. ते कबूल केले पाहिजे. ठरले ते एवढे की प्रत्येकाचे नाव वेगळे, दोन खात्यांची नावे गावासकट वेगळी, आणि गाडी सुटण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने बिलावरचे पहिले दोन आकडे पाहायचे. हा दुसरा माणूस आम्ही स्टोअरमधला दिला. पहिले काही दिवस तो कुरकुरला.

लोणावळ्यातल्या दुकानदार मंडळींनाही एक सांगणे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या जी.एस.टी. नोंदणीला मोबाईल नंबर आपला नसून कर-सल्लागाराचा असतो. ओ.टी.पी. त्याच्याकडे, नोटीस त्याच्याकडे, आणि दंड तेवढा आपल्याकडे. आज घरी गेल्यावर पाहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर बदलले, तेव्हा एकेका वस्तूचा दर सॉफ्टवेअरमध्ये बदलीत कारकून रात्री बसले होते. त्या रात्रीचा जादा कामाचा पगार किती जणांनी दिला, तो हात वर करायला आम्ही सांगत नाही.

ताई आता सभासद आहेत. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि म्हणालो, एक बिल आम्हाला करू द्या. चष्मा पुसून चाकणच्या गिऱ्हाइकाचे बिल भरले, २७ दोनदा पाहिला, आणि मोठ्या ऐटीत बटण दाबले. पोर्टलने बिल परत पाठविले. चाकणचा पिन ४१०५०१. आम्ही लिहिला होता १४०५०१, आणि १४ ने सुरू होणारे पिन पंजाबातले. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, पुन्हा भरा. गाडी अजून भरतेय.”