हिमनग कोणाचा?

(हातखंबा येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मिरकरवाडा बंदरातून निघालेले मासळीचे ट्रक हातखंब्याच्या तिठ्यावर वळतात, तेव्हा त्यांच्या तळातून बर्फाचे पाणी रस्त्यावर गळत असते. त्या बर्फाची प्रत्येक लादी पैसे मोजून घेतलेली असते. कोकणातील माणसाला बर्फ माहीत आहे तो असा: कारखान्यात तयार होणारा, विकत मिळणारा आणि वाटेतच वितळणारा. ज्या बर्फाला कारखाना नाही आणि मालकही नाही, अशा बर्फाचा विचार आज करावयाचा आहे.

याच तिठ्यावरून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग गोव्यास पोचतो. गोव्याहून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया होत.

या जलमार्गाने जाणाऱ्यांना दक्षिणेच्या थंड समुद्रात हिमनग भेटतात. दुरून ते सपाट माथ्याचे पांढरे बेट वाटते. जवळ गेले म्हणजे उभे कडे, त्यांतील निळ्या भेगा आणि लाटांनी कोरलेल्या कपारी दिसू लागतात. वर्षानुवर्षे पडलेल्या हिमाचे थर दाबले जाऊन हा बर्फ बनतो. तो वितळताना त्यात कोंडलेली पुरातन हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि पाण्यात तडतड ऐकू येते. हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. तो भाग झिजला की तोल जाऊन अख्खा नग उलटू शकतो. म्हणून अनुभवी कप्तान जहाज अंतर राखूनच नेतो. आपल्या सभांतून ‘हिमनगाचे टोक’ हा शब्दप्रयोग उठताबसता ऐकू येतो. खरा हिमनग तो हा. विशेष म्हणजे खाऱ्या समुद्रात तरंगत असूनही हा साठा गोड्या पाण्याचा आहे. अर्थशास्त्राचा संबंध येथे सुरू होतो.

ऑक्टोबर १९७७ मध्ये सौदी राजपुत्र महंमद अल् फैसल यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील आयोवा राज्यात हिमनगांच्या उपयोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अंटार्क्टिकातील हिमनग ओढून अरबस्तानात आणण्याची कल्पना तेथे गांभीर्याने चर्चिली गेली. २०१८ साली दुष्काळाने गांजलेल्या केप टाउनसाठी तशीच सूचना पुन्हा पुढे आली. दोन्ही बेत कागदावरच राहिले. प्रश्न मात्र राहिला. जो ओढून नेईल त्याचा हिमनग, असे मानावयाचे काय?

१९५६ साली नेहरूंच्या सरकारने अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याचा प्रयत्न केला. त्या भूमीवर हक्क सांगणाऱ्या राष्ट्रांना तो रुचला नाही. पुढे १ डिसेंबर १९५९ रोजी १२ राष्ट्रांनी करार केला आणि सात राष्ट्रांचे मालकीचे दावे गोठविले गेले. १९८३ साली भारत त्या करारात सामील झाला. १९९१ च्या माद्रिद येथील पूरक कराराने तेथील खनिजांच्या उत्खननावर बंदी घातली. परंतु त्याच वाटाघाटींत, बर्फ काढून नेणे हे खनिज उत्खनन मानले जाणार नाही, अशी नोंद राष्ट्रांनी करून ठेवली. बर्फ नेणे उद्या शक्य झाले तर पर्यावरणरक्षणाची इतर कलमे लागू होतील, खाणबंदीचे कलम लागू होणार नाही. कोळशाच्या दाराला कुलूप लागले. पाण्याचे दार नुसते लोटून ठेवले आहे.

हा प्रश्न हातखंब्यास परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्यातून झिरपून आणि उतारावरून वाहून ते पाणी समुद्रास मिळते, आणि वैशाखात कित्येक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने रुजविलेली समजूत अशी की, जमीन ज्याची त्याचेच खालचे पाणी. ज्याची विंधनविहीर खोल त्याला पाणी, शेजाऱ्याची विहीर कोरडी. ‘ओढील त्याचा हिमनग’ आणि ‘उपशील त्याचे पाणी’ ही दोन तत्त्वे नव्हेत, ते एकच तत्त्व आहे.

त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. तरंगता हिमनग वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. जमिनीवरील बर्फ समुद्रात उतरला म्हणजे ती वाढते, आणि अंटार्क्टिका असा बर्फ गमावीत आहे हे उपग्रहांच्या मोजणीतून दिसून आले आहे. कोळसा व तेल जाळून ज्यांनी संपत्ती उभारली, त्यांच्या हिशेबवहीत हा खर्च लिहिला गेलेला नाही. तो किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमाराच्या नावे पडणार आहे, ज्याने आयुष्यात होडीच्या इंजिनापुरतेच डिझेल जाळले.

म्हणून पक्षापुढे दोन कामे आहेत. अंटार्क्टिकाचा बर्फही खनिजांप्रमाणेच नफ्याच्या कक्षेबाहेर ठेवावा, अशी भूमिका भारताने करारराष्ट्रांच्या बैठकीत घ्यावी, ही मागणी लावून धरणे हे पहिले. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ग्रामसभेत नेऊन, प्रत्येक वाडीतील विहिरींची आणि विंधनविहिरींची नोंद गावाने स्वतः करणे हे दुसरे. पहिले काम दिल्लीत व्हावयाचे आहे. दुसऱ्याचा आरंभ येत्या ग्रामसभेत करता येईल.