अण्णांचं इंजिन

(१९७९च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि शाळेच्या आठवणी सांगा असं बजावलं आहे. मी मात्र दिल्लीची गोष्ट सांगणार आहे. ती शेवटी नेरळला, आपल्या आठवीच्या वर्गातच येते, तेव्हा जरा दम धरा.

माझी मुलगी गुडगावला असते. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे तिच्याकडे गेलो होतो. अण्णाही आले, वय ८७. गुडघ्यांमुळे लाल किल्ला, कुतुबमिनार त्यांनी गाडीत बसूनच पाहिले. मग जावई म्हणाले, चाणक्यपुरीत रेल्वेचं संग्रहालय आहे, अण्णांना तिथे नेऊ या. हे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय फेब्रुवारी १९७७मध्ये सुरू झालं. तेव्हा आपण आठवीत होतो.

मोकळ्या आवारात जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत. नातवाला पतियाळा संस्थानची मोनोरेल आवडली. एकाच रुळावर चालणारी गाडी, आणि तोल राहावा म्हणून बाजूला रस्त्यावरून धावणारं एक मोठं चाक! पुढे बंगाल नागपूर रेल्वेचं गॅरट आहे. त्याची नुसती ओढणारी चाकंच सोळा. अण्णांनी ती काठीने मोजली आणि म्हणाले, "याला कोळसा घालणाऱ्याचं काय होत असेल?" सून हसली. मला तेव्हा काही वाटलं नाही.

आणि मग ते दिसलं. आपलं माथेरानचं इंजिन. १९०७ साली लाइन सुरू झाली तेव्हा जर्मनीहून जी चार आली, त्यांतलं एक. त्या गॅरटपुढे अगदी खेळण्यासारखं. अण्णांनी आधी पाटी वाचली नाही, आधी वाकून चाकं पाहिली. मग नातवाला जवळ बोलावून सांगायला लागले. पुढच्या आणि मागच्या आसाची चाकं पोकळ नळीवर बसवलेली असतात, म्हणून वळणावर ती जराशी तिरपी होतात. सरळ आसाचं इंजिन आपल्या घाटात रुळावर राहिलंच नसतं. वीस फुटांना एक फूट चढ. अशा चढावर बॉयलरच्या काचेतलं पाणी फसवतं. इंजिन तिरकं, म्हणून पाणीही तिरकं. काचेत भरपूर दिसतं आणि भट्टीच्या माथ्यावर कमी असतं. माथा उघडा पडला की लेड प्लग वितळतो आणि वाफ भट्टीत घुसते. "मग काय करायचं?" नातवाने विचारलं. "तिकडे जायचंच नाही. आधीच पाणी घ्यायचं." वॉटर पाइप स्टेशनचं नाव ऐकून आपण सगळे लहानपणी हसायचो, आठवतं? नातूही हसला.

डब्याडब्यावर बसणारे ब्रेकवाले, पावसाळ्यात बंद पडणारी लाइन, सगळं सांगून झालं. अर्धा तास एका जागी उभे होते. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

शेवटी नातू म्हणाला, "मोठे आजोबा, तुम्ही ड्रायव्हर होता?"

अण्णा म्हणाले, "नाही रे. फायरमन. मी कोळसा टाकायचो."

इतक्या सहज म्हणाले! आणि मी मात्र दुसरीकडे बघायला लागलो.

आता आठवीचा वर्ग. मराठीच्या बाईंनी 'माझे वडील' हा निबंध दिला होता. अण्णा घरी यायचे ते नखांत, कानांत कोळसा घेऊन. दोन वेळा अंघोळ केली तरी गळ्यापाशी काळी रेघ राहायची. वर्गात मला काय म्हणायचे ते इथे बसलेल्यांना माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. मी निबंधात लिहिलं, माझे वडील माथेरानच्या गाडीचे ड्रायव्हर आहेत. बाईंना निबंध आवडला. त्यांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला.

आणि ज्यांच्या हाताखाली अण्णा काम करायचे, त्या ड्रायव्हरकाकांचा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा. तो आज इथे आहे, तिसऱ्या रांगेत. मी नाव घेत नाही; घेतलं तर उठून जाईल. बाई वाचत होत्या तेव्हा त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मधल्या सुट्टीत बोलला नाही, नंतरही कधी बोलला नाही. मीही कधी विषय काढला नाही. आज काढतो. फार उशीर झाला, पण तुझे उपकार आहेत रे.

परतताना गाडीत मी अण्णांना हे सगळं सांगून टाकलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "वाचला होता तो निबंध. वही उघडीच होती." मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? त्यावर म्हणाले, "वाफेची इंजिनं १९८२ला बंद झाली, नाहीतर झालोही असतो ड्रायव्हर." आणि डोळे मिटून घेतले. झोप लागली की नुसतेच मिटले, ते मला कळलं नाही.

निघण्याआधी आम्ही एक फोटो काढला होता. अण्णा इंजिनाशी फायरमनच्या बाजूला उभे आहेत. जावई दुसऱ्या बाजूला उभे राहायला निघाले, तर अण्णांनी काठी आडवी घातली. "ती ड्रायव्हरची जागा आहे, तिथे नको." म्हणून फोटोत ती बाजू मोकळी आहे.

फोटो मी बरोबर आणला आहे. तिसऱ्या रांगेतल्या माणसाने जेवणाआधी मला भेटावं.