रोषणाईचं भांडण



नाताळ जवळ आला की अमेरिकेत खास टीव्हीसाठी हलकेफुलके चित्रपट निघतात. हॉलमार्क वाहिनी तर त्यासाठीच ओळखली जाते. तिचा २०१० सालचा ‘बॅटल ऑफ द बल्ब्स’ मला मनापासून आवडतो. ‘होम अलोन’मधल्या दोन चोरांपैकी उंच, वेंधळा चोर आठवतो ना? तो डॅनियल स्टर्न, आणि त्याच्यासमोर मॅट फ्रुअर. दोघं एकेकाळचे दोस्त, आता शेजारी, आणि कुणाच्या घरावरची रोषणाई भारी यावरून इरेला पेटलेले.

अशा गोष्टीत लेखक एक काळजी घेतो. दोघांचं माप सारखं ठेवतो. इकडून कुरघोडी झाली की तिकडूनही व्हायलाच हवी. दोघेही तितकेच चुकलेले असले की माफी मागताना कुणालाच खाली वाकावं लागत नाही. म्हणून तर नाताळाच्या रात्री भांडण मिटलेलं आपल्याला पटतं.

प्रत्यक्षात मापं सारखी नसतात. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात जेनिंग्ज ऑसबोर्न नावाचे गृहस्थ राहत. १९८६ साली लाडक्या लेकीच्या हट्टापायी त्यांनी घरावर दिवे लावले. पुढं ते वाढत वाढत तीस लाखांवर गेले. बघायला गाड्यांची रीघ लागे. शेजाऱ्यांना स्वतःच्या घरी पोचणं मुश्कील. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रुग्णवाहिका यायची कशी? १९९३ साली शेजारी न्यायालयात गेले. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, आणि ऑसबोर्न हरले. माझ्या मते निकाल योग्यच होता. पण लेकीसाठी दिवे लावणाऱ्या बापाबद्दलही मला माया वाटते.

ते दिवे विझले मात्र नाहीत. १९९५पासून फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात ते नाताळाला लागू लागले. तिथं गाड्या उभ्या करायला जागा होती, गर्दी सांभाळायला माणसं होती. जानेवारी २०१६पर्यंत लोकांनी ते डोळे भरून पाहिले.

यावर कुणी चित्रपट काढलाच, तर माझी एक कळकळीची विनंती आहे. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला खाष्ट, सणाचा वैरी म्हणून रंगवू नका. त्याच्या खिडकीतूनही एकदा कॅमेरा फिरू द्या.