बोलपटांतील सांधे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. पुढें १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला व नायकाची भूमिकाही स्वतःच केली. एवढें आयुष्य, आणि सोलापूर ते चीन एवढें अंतर, एका बैठकींत पाहून होतें तें कसें?

याचें उत्तर संकलकाच्या मेजावर सांपडतें. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चित्रें या गतीनें सरकते. म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत लागते. छायालेखकानें जें टिपलें त्यांतून नेमका तुकडा निवडणें, तो कोठें तोडावा व कशास जोडावा हें ठरविणें, हें संकलकाचें काम. सोलापूरचा विणकर तुटलेला धागा सांधतांना गांठ वर दिसूं देत नाहीं. तीच दक्षता येथें लागते.

सांध्यांचे मुख्य प्रकार थोडेच आहेत. ‘कट’मध्यें एक दृश्य संपतांच दुसरें सुरू होतें, बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे नजर वळावी तसें. मात्र पडद्याच्या उजवीकडून बाहेर पडलेला मनुष्य पुढल्या तुकड्यांत डावीकडून आंत यावा. एरवीं तो माघारीं फिरला असा भास होतो. ‘डिझॉल्व्ह’मध्यें पहिलें चित्र विरत असतांनाच दुसरें उमटतें, मध्यें कांहीं काळ लोटला, असें तो बहुधा सुचवितो. ‘फेड’मध्यें पडदा काळोखांत बुडून पुन्हां उजळतो, जणूं नवें प्रकरण लागलें. ‘वाइप’मध्यें एक दृश्य दुसऱ्यास पुसून टाकीत पुढें सरकतें.

परंतु सांध्याचें सामर्थ्य याहून मोठें आहे. १९२० च्या सुमारास रशियांत लेव्ह कुलेशॉव्ह यांनीं एका नटाची निर्विकार मुद्रा घेतली व तिला एकदां सुपाची थाळी, एकदां शवपेटी जोडली. मुद्रा तीच असूनही प्रेक्षकांस तींत निरनिराळे भाव दिसले, असें त्यांचे शिष्य पुडॉव्हकिन यांनीं लिहिलें आहे. दोन तुकड्यांमधला अर्थ प्रेक्षक स्वतःच भरतो.

म्हणूनच खऱ्या माणसाची कथा सांगतांना कातर जपून चालवावी लागते. पडद्यावर घरचा निरोप आणि रणांगणावरील इस्पितळ यांच्यामध्यें एक डिझॉल्व्ह पुरतो. प्रत्यक्षांत तेथें जहाजाचा दीर्घ प्रवास असतो, आणि मागें राहिलेल्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा असते. पथकांतील अटल, चोळकर, बासू व मुकर्जी हे चौघे स्वदेशीं परतले. कोटणीस परतले नाहींत. ती प्रतीक्षा संपली नाहीं, ती तुटली. तिची लांबी फुटांत मोजतां येत नाहीं.

सोलापुरांत डॉ. कोटणीस यांच्या घरीं आज त्यांचें स्मारक आहे. चित्रपट पाहिलेल्या रसिकांनीं तेथेंही अवश्य जावें. जें कातरीखालीं गेलें, त्याचा कांहीं अंश तेथें भेटेल.