बोटाच्या स्पर्शाने लागणारा दिवा



मांडवगण फराट्याच्या शिवारातील मुले विजेच्या मोटारी नित्य पाहतात. परंतु आपले शरीरही विद्युत्‌भार साठविते, हे त्यांस ठाऊक नसते. ते प्रयोगाने दाखवावे.

आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलरच्या पाटीवरील ४ व २ क्रमांकांच्या पिना १० लक्ष ओहमच्या रोधाने जोडाव्यात. २ क्रमांकाच्या पिनेची तार कागदात गुंडाळलेल्या ॲल्युमिनियमच्या वर्खास लावावी. प्रथम दोन्ही पिना शून्य दाबावर आणाव्यात; नंतर आज्ञावलीने ४ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट देऊन २ क्रमांकाची पिन भारित होण्यास लागणारा काळ मोजावा. बोट ठेवताच धारिता वाढते व काळही वाढतो.

स्पर्शाविना व स्पर्शासह दहा-दहा नोंदी मुलांनी घ्याव्यात आणि मधला आकडा त्यांनीच ठरवावा. तो ओलांडला की १३ क्रमांकाच्या पिनेवरील दिवा लावण्याची आज्ञा द्यावी.

प्रयोग केवळ बॅटरीवर करावा. अखेरीस विचारावे, "कागदाआडूनही विजेस बोटाची चाहूल लागते, मग ओला हात मोटारीच्या स्टार्टरला लागला तर?" ज्यास हे उमगले, ते मूल घरातील वडीलधाऱ्यांसही सावध करील. आपल्या पाठाचे सार्थक त्यातच आहे.