आकडा फोटोतला नको, आजचा हवा

आज मी वजनाबद्दल बोलणार आहे. कांद्याच्या गोणीच्या नव्हे, आपल्या स्वतःच्या वजनाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत तपासणी झाली. माझं वजन भरलं ६८ किलो आणि बीपी जरा वाढलेलं निघालं. घरी आले आणि लग्नाचा फोटो काढून बसले. तेव्हा मी ४२ किलोची होते. लगेच कॅलेंडरवर पेनानं ४२ लिहिलं आणि ठरवलं, पुन्हा तेवढंच व्हायचं.

मग काय, सकाळी नुसता चहा, दिवसात एकच भाकरी. तिसऱ्या आठवड्यात कांदे लावताना चक्कर आली आणि बांधावरच बसले. उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी विचारलं, “हा ४२ चा आकडा कुणी दिला तुम्हाला?” मी म्हटलं, “फोटोनं.” त्यांनी माझी उंची मोजली आणि कागदावर हिशोब करून दाखवला. तो तुम्हीही करा.

आपली उंची मीटरमध्ये घ्यायची. माझी १.५२. तिला तिनंच गुणायचं, १.५२ गुणिले १.५२, म्हणजे २.३१. मोबाईलवर मुलं करून देतील. आता २.३१ ला १८.५ नं गुणलं की ४३ किलोच्या आसपास येतं. त्याखाली गेलं की वजन कमी समजायचं. २३ नं गुणलं की ५३ किलो येतं. त्यावर गेलं की वजन जास्त. बाहेरच्या तक्त्यांत २३ ऐवजी २५ लिहिलेलं असतं. पण आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयाचा त्रास होतो, म्हणून आपली हद्द २३ ची.

तेव्हा कळलं, फोटोतली मी सुंदर असेन, पण अशक्त होते. ज्या आकड्यासाठी उपाशी राहिले, तो मुळातच कमी होता!

मग मी विचारलं, “म्हणजे १५ किलो उतरवायचे?” सिस्टरबाई म्हणाल्या, “एवढ्या लांब बघू नका. आजच्या वजनातून शंभरामागे पाच उतरवा.” ६८ चे साधारण साडेतीन किलो. एवढ्यानंसुद्धा बीपी आणि साखरेला फरक पडायला लागतो. घाई नको, आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला. तो टप्पा गाठला की थोडं थांबायचं, वजन टिकतंय का बघायचं, मग पुढचा टप्पा.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. रोज केलं तर पाण्यानं, पाळीनं आकडा वर-खाली होतो आणि उगाच जीव खट्टू होतो. शिवणाची टेप घेऊन पोटाचा घेरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. बाईचा घेर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. कधी काटा हलत नाही, पण टेप हलते.

काही जणींनी मात्र आपल्या मनानं आकडा ठरवू नये. पोटुशी असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर वजन उतरवायच्या मागे लागू नका. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, तपासून घ्या.

मी चहातली साखर निम्मी केली, भाजीचं तेल मोजून घातलं, भाकरीबरोबर डाळ-उसळ वाढवली. उपास नाही. साडेतीन किलो उतरायला मला चार महिने लागले. आज मी ६२ वर आहे आणि बीपी आटोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, “वाळलीस गं.” जाऊबाई म्हणतात, “अजून उतरव.” दोघींचं ऐकून घेते. ५३ गाठेन की नाही, माहीत नाही. पण ६२ च्या वर पुन्हा जायचं नाही, हे माझं मी ठरवलंय.

कॅलेंडरवरचे ४२ मी खोडले. तुमच्या मनात असा कुठला आकडा लिहिलेला असेल, तर पुढच्या बैठकीला टेप घेऊन या, एकमेकींची उंची मोजा आणि तो आकडा तपासून बघा. येते मी. नमस्कार.