साठ लाखांत सहाजणी

मुंबईहून पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर गाडीनें निघालें म्हणजे सानपाड्यामागून जुईनगर येतें व त्यापुढें नेरूळ. ह्याच टापूंत, शीव-पनवेल रस्त्याच्या कडेला, डॉ. डी. वाय्. पाटील क्रीडांगण उभें आहे. स्त्रियांच्या प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना ४ मार्च २०२३ रोजीं येथेंच झाला. मुंबईच्या संघानें २०७ धांवा केल्या आणि गुजरातचा सगळा डाव ६४ धांवांत आटोपला. त्या दिवशीं ११ धांवांत ४ बळी घेणारी डावखुरी फिरकी गोलंदाज सायका इशाक ही मूळची कोलकात्याची. तोंवर तिचें नांव क्रिकेटच्या रसिकांपैकींहि फार थोड्यांच्या कानांवर गेलें असेल. मुंबईनें तिला १० लाख रुपयांना घेतलें होतें. त्या लिलावांत ह्याहून स्वस्त खेळाडू मिळणें शक्यच नव्हतें. सर्वांत खालची बोलीच मुळीं तेवढ्यापासून सुरू होत असे.

लिलाव म्हटला कीं लोकांच्या तोंडीं मोठ्या रकमा येतात. सांगलीच्या स्मृति मंधानाला बंगळूरनें ३ कोटि ४० लाख दिले, ही बातमी सर्वांस पाठ झाली. परंतु थैली जेव्हां ठरलेली असते, तेव्हां संघ बांधणाराचें शहाणपण यादीच्या माथ्यावर दिसत नाहीं; तें तळाशीं दिसतें.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजीं मुंबईंत झालेल्या त्या लिलावांत पांच संघ होते आणि प्रत्येकाच्या थैलींत १२ कोटि रुपये होते. संघांत निदान १५ व फार तर १८ खेळाडू घ्यावयाचे. मुंबईनें नॅट सिव्हर-ब्रंट हिला ३ कोटि २० लाख, पूजा वस्त्रकार हिला १ कोटि ९० लाख, हरमनप्रीत कौर हिला १ कोटि ८० लाख, यास्तिका भाटिया हिला १ कोटि ५० लाख व अमेलिया कर हिला १ कोटि दिले. पांचजणींतच ९ कोटि ४० लाख संपले. बाकी राहिले २ कोटि ६० लाख, आणि निदान दहा जागा रिकाम्या. लग्नघरांत शालू आणि दागिने ह्यांतच पैसा सरावा व पंगतीचा शिधा अजून आणावयाचा असावा, तशांतला हा प्रकार.

ह्या वेळीं एक साधा हिशेब ज्याला सुटत नाहीं तो फसतो. थैलींत दिसणारी रक्कम बोलीसाठीं सगळी मोकळी नसते. रिकाम्या राहिलेल्या दर जागेपोटीं निदान १० लाख बाजूला ठेवावेच लागतात. आणि जी जागा नामांकित परदेशी खेळाडूनें भरावयाची तिला ३० लाखांपासून पुढें. एखाद्या नांवाच्या मोहानें हात जरा सैल सोडला कीं शेवटच्या दोन-तीन जागांवर जो मिळेल तो घ्यावा लागतो. अमेरिकेंतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्यें १९८४-८५ च्या हंगामापासून संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. तेथेंहि बाकावरच्या शेवटच्या जागा किमान वेतनांत कोणी भराव्या, ह्यावर तज्ज्ञ डोकें खपवीत असतात. तिकडील नियम फार गुंतागुंतीचे. हिशेबाचा गाभा मात्र हाच.

मुंबईनें पुढें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. अमनज्योत कौर ५० लाख, हेली मॅथ्यूज ४० लाख, तीन परदेशी खेळाडू प्रत्येकीं ३० लाख, प्रियांका बाला २० लाख, आणि सहाजणी प्रत्येकीं १० लाख. बेरीज बरोबर १२ कोटि भरते. खेळाडू सतरा झाले. अठराव्या जागेसाठीं थैलींत छदामहि उरला नाहीं.

ह्यांतील मॅथ्यूजची गोष्ट विलक्षण आहे. ती वेस्ट इंडीजची कप्तान. फलंदाजी व गोलंदाजी दोन्ही करणारी. परंतु तिच्या नांवाचा पहिला पुकारा झाला तेव्हां एकाहि संघानें बोली केली नाहीं. परदेशी जागा मोजक्या, आणि त्यांवर सर्वांचे डोळे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या नांवांकडे लागलेले. नांव दुसऱ्यानें पुकारलें तेव्हां मुंबईनें तिला मूळ किंमतींतच उचललें. त्या हंगामांत तिनें २७१ धांवा केल्या, १६ बळी घेतले, आणि २६ मार्चच्या अंतिम सामन्यांत ४ षटकांत अवघ्या ५ धांवा देऊन दिल्लीच्या तिघींना बाद केलें. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. ३० लाखांच्या इसी वाँगनें २४ मार्चला ह्याच नेरूळच्या मैदानावर लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेऊन उत्तर प्रदेशच्या संघाचा निकाल लावला. तिचे एकूण बळी १५, सायकाचेहि १५. म्हणजे ८० लाखांच्या तीन गोलंदाजांनीं ४६ बळी मिळविले.

ही सगळी दैवाची कृपा, असें कोणी म्हणेल. अंतिम सामन्यांत नाबाद ६० धांवा करून विजय हातीं आणून देणारी सिव्हर-ब्रंट ही ३ कोटि २० लाखांचीच होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दहा लाखांच्या सहाजणींपैकीं सायकाखेरीज हुमैरा काझी व आसामची जिंतिमणि कलिता ह्या दोघीच अंतिम सामन्यांत मैदानावर उतरल्या. त्यांच्याकडून मोठ्या पराक्रमाची अपेक्षाहि नव्हती. पण त्या जागीं क्षेत्ररक्षणांत कच्च्या किंवा गांगरणाऱ्या खेळाडू असत्या तर वरच्या पांचजणींचा पैसा वायां गेला असता. बंगळूरकडे मंधाना होती, एलिस पेरी होती. तरी तो संघ त्या वर्षीं पहिले पांचहि सामने हरला. त्याच बंगळूरनें १७ मार्च २०२४ रोजीं अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां १२ धांवांत ४ बळी घेणारी श्रेयांका पाटील आणि तिच्या जोडीची आशा शोभना, दोघी २०२३ च्या लिलावांत १० लाखांनाच मिळालेल्या होत्या. तळाच्या जागेवर घेतलेला खेळाडू पिकावयास वेळ लागतो, आणि तेवढा धीर फार थोड्या संघमालकांना असतो.

ह्या व्यवहाराची दुसरी बाजू खेळाडूच्या घरांत आहे. २०२१ पासून देशांतर्गत एकदिवसीय सामन्याचें मानधन २० हजार रुपये होतें. म्हणजे लिलावांतील सर्वांत हलकी बोलीहि पन्नास सामन्यांच्या कमाईएवढी. संघमालकाच्या वहींत जी रक्कम चिल्लर, ती एखाद्या मुलीच्या घरांत कर्ज फेडणारी ठरते. वाँगनें लागोपाठ बाद केलेल्या तिघींत दोघी महाराष्ट्रांतल्या होत्या: सोलापूर जिल्ह्याची किरण नवगिरे आणि धारावीची सिमरन शेख. सिमरनची किंमत तेव्हां १० लाखच होती, व पुढें तिच्या संघानें तिला मोकळेंहि केलें. १५ डिसेंबर २०२४ च्या लिलावांत गुजरातनें तिच्यासाठीं १ कोटि ९० लाख मोजले.

जुईनगरशेजारच्या त्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारतानें स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. शतक करून ठाण मांडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कप्तानाचा झेल तेथें हातांतून दोनदां निसटून अखेर जिच्या मुठींत बसला, ती अमनज्योत कौर. २०२३ सालची ५० लाखांची. त्याच महिन्यांत मुंबईनें पुढील हंगामाकरितां तिला १ कोटीस व मॅथ्यूजला १ कोटि ७५ लाखांस आपल्याकडे राखून ठेवलें. थैली आतां १५ कोटींची झाली होती. राखलेल्या पांचजणींपायीं तींतले ९ कोटि २५ लाख गेले, आणि उरलेले ५ कोटि ७५ लाख घेऊन मुंबईचे लोक बाकीच्या जागा भरावयास दिल्लीच्या लिलावांत जाऊन बसले.